शकूआत्याचे पाट

शकूआत्यासमोर बसून बोलायला लागलं की तिच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालायला लागायचं. नवख्या माणसाला वाटायचं, बाईला घामोळं झालं असेल. आम्हा घरच्यांना माहीत होतं, बाई आपलं बोलणं लिहून राहिली. तुम्ही "अरे बाप रे" म्हणालात की बोटानं 'अ' काढला, 'रे' काढला, बापाच्या काना-मात्रेसकट पुढं गेलं. मधेच एखादा शब्द आवडला की बोट थांबायचं, तो शब्द परत गिरवायचं आणि आत्या म्हणायची, "हे पुन्हा म्हन बरं."

मला लहानपणापासून नकला करायची खोड. मी तिच्याच समोर मांडी घालून बसायचो आणि तिच्यासारखं बोट चालवायचो. पाहणाऱ्याला वाटावं, या घराण्यात खाज आनुवंशिक आहे. आत्या हसून हसून लाल व्हायची. "पाह्य पाह्य, माकड कसं करून राह्यलं! पन नुस्तं बोट हालवू नको बे गोलू, अक्षर काढ अक्षर!"

तिचा आवाज काढणं सोपं होतं. तोंडात सुपारी धरल्यासारखा गाल फुगवायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं रागवायचं. प्रेमाचं बोलताना जास्त रागवायचं. ती मागच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून मी सगळ्यांच्या नकला करतो, तिची तेवढी कोणी म्हटल्याशिवाय करत नाही. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी ही कागदावरची नक्कल.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. अकोल्याला जठारपेठेत एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. तिचे यजमान लवकर वारले. आत्यानं बालवाडी चालवली आणि एकुलत्या एका वैशूला शिकवलं. बालवाडीच्या भिंतींवर कमळ, खटारा, गवत रंगवून रंगवून हात बसला होता. बालवाडी बंद झाली तरी हाताला ते कोणी कळवलं नाही. मग तिची नजर पाटांवर गेली.

पाट म्हणजे बसायचे पाट. आमच्या सगळ्या नातेवाइकांकडं डायनिंग टेबलं आली आणि पाट माळ्यावर गेले. आत्या कोणाकडंही पाहुणी गेली की चहा पिता पिता माळ्याकडं बघायची. "तुमच्या घरी पाट असन न एखादा? बसत तं नाई कोनी. मले द्या, लिवाले घेतो." असे तिनं खूप पाट गोळा केले. घासून, रंगाचा हात देऊन त्यावर एकच शब्द रंगवायचा, आणि नातेवाइकांत कोणाचं लग्न झालं, कोणी घर घेतलं की तो पाट भेट द्यायचा, दारावर लावायला. आमच्यात लोक मिक्सर देत, कुकर देत. शकूआत्या शब्द द्यायची.

आणि शब्द म्हणजे 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' असला नाही. "श्रमसाफल्य कोनी घरात म्हनते का? अवं श्रमसाफल्य, भाकर वाढ, असं कोनी म्हनलं का आजवर? जे घरात म्हनतेत तेच दारावर लिवा." म्हणजे त्या घरातली माणसं दिवसभर जो शब्द बोलतात, तो. ती बोटानं इतके दिवस तेच शोधत असायची.

बाबांनी दर्यापूरला घर बांधलं तेव्हा आत्या जुन्या चादरीत पाट गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन आली. बाबा मराठीचे मास्तर. सगळे गोल करून उभे, चादर सोडली, तर आत निळ्यावर पांढऱ्या अक्षरात: 'तसं नाई'.

आम्ही फुटलो. कारण बाबांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं. चहा घ्या म्हटलं तर "तसं नाही, आधी पाणी." पाऊस येतोय म्हटलं तर "तसं नाही, तो येऊन गेला."

बाबा हसले नाहीत. "ताई, हे अशुद्ध आहे. 'नाही' असं लिहायचं. नाई म्हणजे केस कापणारा. दारावर लावलं तर उद्या लोक दाढी करायला येतील."

"येऊ दे. बसव त्यायले, च्या पाज."

"अवं पन ताई, मी मराठीचा मास्तर हाओ! लोकं काय म्हनतीन मले?"

आत्याचं बोट लगेच मांडीवर. "आता कसा बोलला बापू! एवढा वेळ कोन बोलून राह्यलं होतं?"

तो पाट अजून आमच्या दारावर आहे. अमरावतीच्या धाकट्या काकांच्या फाटकावर 'पाच मिंटं' आहे, कारण काका कधीच वेळेवर तयार नसतात. कुरिअरवाला तिथं खरंच पाच मिनिटं थांबतो.

एकदा मी विचारलं, "आत्या, माहा कोनता शब्द?"

"तुहा कुठला शब्द बे? तू तं दिवसभर दुसऱ्याचेच शब्द वापरतं. तुहा एखांदा सापडला तं मले सांगजो."

रंगवायला बसली की गॅलरीत टर्पेंटाइनचा वास आणि आत्याची बडबड. ती अक्षरांवरची रेघ सगळ्यात शेवटी मारायची. मी म्हणायचो, आधी रेघ मार, अक्षरं सरळ येतील. "अक्षरं आधी आपल्या पायावर उभी तं राहू दे. मंग स्लॅब टाकू." आणि स्लॅब टाकताना श्वास रोखून धरायची. त्या वेळी तिच्याशी कोणी बोललं तर खैर नाही. एकदा खालच्या मेडिकलवाल्यानं "ताई, पार्सल आलं!" म्हणून हाक मारली आणि धाकट्या काकांच्या 'पाच'वरची रेघ फाटकाबाहेर गेल्यासारखी पाटाच्या काठावर गेली. "राहू दे," आत्या म्हणाली, "तो कवाबी रेघेत राह्यला नाई."

मग वैशूताईचं लग्न झालं. ती बँकेत, नवरा अभिजीत त्याच बँकेत, मूळचा कोल्हापूरचा. दोघांची बदली अमरावतीला झाली, तिथं त्यांनी फ्लॅट घेतला आणि अभिजीतनं आईला कोल्हापूरहून कायमचं राहायला बोलावलं. त्याचे वडील नाहीत. आई कोल्हापूरच्या घराला कुलूप लावून, एवढा प्रवास करून अमरावतीला आल्या. मी त्यांना मावशी म्हणायचो.

मावशी तब्येतीनं भरदार आणि आतून कापसासारख्या. त्यांना आमची भाषाच झेपेना. भाजीवाली म्हणायची, "घ्याचं हाय का नाई? नाई तं राहू द्या." ती सरळ विचारत होती, मावशींना वाटायचं भांडते आहे. वॉचमनला त्यांनी नळाचं विचारलं, त्यानं "कावून?" म्हणजे साधं "का?" विचारलं. मावशी घरी येऊन म्हणाल्या, "वॉचमन माझ्यावर खेकसला की." आणि कळस म्हणजे दूधवाला. आमच्याकडं पाहुण्याला विचारायची पद्धतच आहे, कधी आले, कधी जाणार. त्यानं आपुलकीनं विचारलं, "मावशी, मंग कई जानार वापस?" मावशींनी दुधाचं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं. दूध देणाऱ्यालाही आपण जायला हवे आहोत म्हणजे घरच्यांचं काय, हे त्यांच्या मनात तिथून बसलं. बोलल्या मात्र कोणाजवळ नाहीत.

इकडं आत्या वैशूच्या घराचा शब्द ठरवून बसली होती. वैशूताईचा शब्द कोणालाही सांगता आला असता. येजा. आमच्या वऱ्हाडात ज्याला तू म्हणायचं त्याला येजो आणि ज्याला तुम्ही म्हणायचं त्याला येजा. म्हणजे परत या, नक्की या. वैशूताई हे कोणालाही म्हणायची. गॅस सिलिंडरवाल्याला म्हणायची. राँग नंबरवाल्याला, "हो हो, चुकला नंबर, काही हरकत नाई, येजा." बँकेत गिऱ्हाइकांना म्हणायची, तर काही म्हातारे दुसऱ्या दिवशी काम नसताना खरंच यायचे.

यासाठी आत्यानं ठेवणीतला पाट काढला. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा पाट. शिसवी, मधोमध पितळेचं फूल ठोकलेलं. फूल उपटलं असतं तर शब्द सलग बसला असता. पण आत्याला ते उपटवेना. तिनं फुलाच्या डाव्या बाजूला 'ये' काढला, उजव्या बाजूला 'जा', आणि रेघ मारली ती फुलाशी थांबवून पलीकडं पुन्हा सुरू केली. लांबून पाहिलं की छान दिसायचं. ये, फूल, जा.

वास्तुशांतीच्या आधी आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग पाट घेऊन मी गेलो. अभिजीतनं उत्साहानं ड्रिल काढलं, दाराच्या बाहेर, बेलच्या वर, दोन भोकं पाडली आणि पाट लावला. मी टाळ्या वाजवल्या, जेवलो, घरी आलो.

मावशी त्या दुपारी प्रसादाचे द्रोण घेऊन शेजारी वाटायला निघाल्या आणि दार ओढून घेताना त्यांनी वर पाहिलं. ये. जा.

त्यांनी द्रोण वाटले. पाहुणे जाईपर्यंत हसतमुख राहिल्या. आणि दोन-चार दिवसांनी अभिजीतला म्हणाल्या, "माजं कोल्हापूरचं तिकीट काढ."

"का गं आई?"

"का म्हंजे? तोंडानं न्हाई बोलत कुणी, कळतंय की मला. सुनंच्या आईनं बोर्डच लिवून धाडलाय. ये, आन जा."

वैशूताईनं हातापाया पडून समजावलं. येजा म्हणजे या, आमच्याकडं असंच म्हणतात. मावशींनी शांतपणे ऐकलं. "मग 'या' लिवायचं. 'जा' कशाला शेपटागत जोडलाय?" याला व्याकरणात उत्तर नव्हतं. जितकं समजवावं तितकं सारवासारवीचं वाटायला लागलं. तिकीट निघालं.

फोन आला तेव्हा मी आत्याकडंच होतो. तिनं स्पीकर लावला.

"आई, दुसरा पाट दे वं लिवून! सुस्वागतम् लिव, शुभलाभ लिव, काईबी लिव."

"सुस्वागतम् मंगल कार्यालयावर राह्यते. तिथं जेवले का लोकं घरी जातेत."

"तुले मजाक सुचून राह्यली? त्या उद्या चालल्या! कुलूप लावून आल्त्या तिथलं, आता तिथं एकट्या राहतीन. अन् जलमभर त्यायच्या मनात राहीन का सुनेच्या मायनं हाकललं. अभिजीत माह्यासंग बोलत नाई..." पुढं ती रडायलाच लागली.

आत्या एवढंच म्हणाली, "जेवल्या का त्या?"

"जेवल्या थोड्या."

"बरं." आणि फोन ठेवला. बोट मांडीवर नव्हतं, दोन्ही हात नुसते पडले होते. तिनं आयुष्यभर प्रेमानं शब्द वाटले होते, आणि कोणाला लागलेला हा पहिलाच. मी वातावरण हलकं करायला मावशींचा आवाज काढला, "शेपटागत जोडलाय!" आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळा चष्मा लावून बसस्टँडवर उभी. डॉक्टर राहिले बाजूला. पिशवीत रंगाचा डबा आणि ब्रश पाहून मला वाटलं, 'जा' खोडायला चालली. मूर्तिजापूर आलं, बडनेरा आलं, बाई पिशवी मांडीवर धरून बसली.

फ्लॅटच्या हॉलमध्ये मावशींची बॅग बांधून तयार होती. गाडी संध्याकाळची. आत्यानं बॅगेकडं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि खुर्चीत बसली. मावशींनी मान राखून चहा आणला, सोबत वाटीत भडंग.

"घ्या की. घरचं हाय."

"तिखट हाय का?"

"न्हाई वो. गोडच म्हणा."

आत्यानं घास घेतला आणि ठसक्यानं काळा चष्मा नाकावर आला. "बाप्पा! हे गोड? तुमचं तिखट कोन्या जनावराले देतेत?"

मावशी हसणार नव्हत्या, पण हसल्या. मग भडंग कसं करायचं यावर बोलणं सुरू झालं. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. आत्याचं बोट चालू लागलं. मावशींच्या ते लक्षात आलं. "खाज सुटलीय व्हय? खोबरेल देऊ?"

"नाई नाई, हे तं जुनं हाय."

तासभर झाला. पाटाचा विषय नाही. वैशूताई स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी विचारत होती, काय चाललंय? मी खांदे उडवले. आणि एकदम आत्या उठली. "चाला, येतो मी. अकोल्याची बस हाय."

मला धक्काच. एवढं करून हे? आत्या चपला घालायला दाराशी गेली. मावशी मागून आल्या. मनात कितीही लागलेलं असलं तरी पाहुणीला दारापर्यंत पोचवल्याशिवाय राहणारी ती बाई नव्हती.

"या बरं का परत," मावशी म्हणाल्या, आणि जीभ चावली. "म्हंजे, मी नसंन. पण या."

आत्या एका पायात चप्पल घालून तशीच थांबली. "काय म्हनलं तुमी?"

"या परत, म्हणलं."

"मी चालली तवा म्हनलं न? सकाळी मी आली तवा नाई म्हनलं."

"आल्यावर कोण म्हणतंय वो असं? आल्यावर बसा म्हणायचं. या परत हे जाताना म्हणायचं."

"मंग तेच लिवलं हाय मी," आत्या म्हणाली. दार पूर्ण उघडून तिनं बाहेरच्या पाटाकडं बोट केलं. "दोन शब्द नाईत ते. एकच हाय, येजा. जानाऱ्याले म्हनाचा. मधात फूल आलं म्हनून तुटला. माह्या मायचा पाट होता, फूल उपटाले जिवावर आलं बाई."

मावशी उंबऱ्याबाहेर आल्या. पाटाकडं पाहिलं. ओठ हलवून एकदा वाचलं. मग फूल गाळून, जोडून वाचलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. आणि त्यांचा चेहरा एकदम तापला, पण रोख आत्याकडं नव्हता.

"अभ्याऽऽ!"

अभिजीत आतून धावत आला.

"जाणाऱ्यानं वाचायचं हाय हे! मग भाईर कशाला टांगलायस रं? भाईरनं कोण वाचणार, येणारा! त्येला दारातच 'परत या' म्हणतोयस व्हय? अक्कल हाय का? काढ, काढ ते. आत लाव."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी वऱ्हाडी, वैशूताई वऱ्हाडी, जन्मभर येजा म्हणत आलो, आणि ते कधी म्हणतात हे आम्हाला कोल्हापूरच्या बाईनं सांगितलं. आलेल्याला कोण येजा म्हणेल? तो तर आला.

अभिजीतनं ड्रिल आणलं. दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर तो पाट लावत होता, मावशी हाताखाली उभ्या राहून सांगत होत्या. "खाली घे. इहीणबाईंची उंची बग की. आता डावीकडं. हां." आत्यानं पिशवीतला डबा उघडला, आणि मला कळलं ती तो कशासाठी घेऊन आली होती. फुलाच्या खालून बारीक रेघ घेऊन तिनं 'ये' आणि 'जा' एकमेकांना जोडून टाकले. ऑपरेशनच्या डोळ्यामुळं रेघ थोडी वाकडी आली. वैशूताई ओढणी तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला नक्की सांगता येणार नाही, मी दोन्हींची नक्कल करून पाहिली, दोन्ही सारखीच येतात.

मग आम्ही पुन्हा निघालो. दारात आत्यानं वैशूताईच्या गालावरून हात फिरवला. "येजो वं. जवायाले घेऊन येजो."

मावशींनी ते ऐकलं आणि त्यांनाही हौस आली. आत्याकडं बघून ठसक्यात म्हणाल्या, "तुमी बी येजो हं!"

आम्ही जिना उतरायला लागलो. माझ्यातला मास्तरांचा मुलगा गप्प बसेना. "आत्या, चुकलं त्यायचं. तुमी म्हनलं तं येजा पाह्यजे. येजो तं आपन तू म्हनतो त्याले..."

"चुप बस."

ती मधल्या कठड्याला धरून थांबली. काळा चष्मा काढून पदरानं डोळा टिपला, ऑपरेशनचा नव्हे, दुसरा. "लेकरायचं येजो वेगळं. बाकी सगळे मले येजा म्हनतेत. बाई, येजा. ताई, येजा. बरोबरीची बाई मले येजो म्हनते, असं किती वर्सानं झालं, तुले काय मालूम."

आणि मान वर करून, जिन्यातून, रागावल्यासारखी ओरडली, "येतो वंऽ! अन् तू आज कोठीबी जाऊ नको!"

वर कठड्यावरून मावशींचं तोंड दिसलं.

"न्हाई जात! तू जा आता, बस चुकंल!"